गाडीचे तोंड रस्त्याकडे

१६ जानेवारी २००२, बुधवार

आज फाट्यावर जे घडले त्याचे कारण मला सांगता आले नाही. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला ते सांगता यायला हवे होते, म्हणून निदान घडले ते तरी नीट लिहून ठेवते.

रोजच्याप्रमाणे मरियमभाभीने मला मोटारसायकलवर मागे बसवून खाडीकाठापासून चढ चढवून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, फाट्यापर्यंत आणले. तेथून मला कॉलेजसाठी रत्नागिरीची एस.टी. मिळते आणि भाभी पुढे तिच्या उर्दू शाळेवर शिकवायला जाते. एस.टी. दिसत नव्हती, म्हणून भाभीने किल्ली फिरवून गाडी बंद केली. गाडी बंद झाली नाही. भाभीने किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन मात्र धक्के देत, खडखडत चालूच! फाट्यावरच्या टपरीतले लोक बाहेर येऊन पाहू लागले. मी ओढणीत तोंड लपवले.

भाभी मात्र शांतपणे म्हणाली, "बघ गो राही, हिचं अजून बोलून झालं नाय." मग गिअर टाकून, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून तिने क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला आणि ती गप्प झाली.

एवढ्या लोकांच्या नजरा अंगावर असताना ज्या व्यक्तीला विनोद सुचतो, त्या व्यक्तीविषयी मला काय वाटते ते शब्दांत मांडणे अवघड आहे. भाभी आमची शेजारीण. तिचे यजमान तहाभाई कुवेतला असतात. शाळेच्या वेळेला सोयीची एस.टी. बंद झाली तेव्हा तिला नोकरी सोडावी लागणार होती. तिने सोडली नाही. तहाभाईंची पडून असलेली गाडी तिने बाहेर काढली आणि भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात, पडत-उठत, ती चालवायला शिकली. आमच्या पंचक्रोशीत मोटारसायकल चालवणारी दुसरी बाई नाही.

१८ जानेवारी, शुक्रवार

मालगुंडच्या गॅरेजवाल्या हरिश्चंद्रने गाडी पाहिली. किल्लीचे स्विच आणि त्याची वायर त्याने नवीन घातली. त्याचे म्हणणे असे की, किल्ली बंद केली तरी वायर तुटल्यामुळे ठिणगी पडतच राहते. हे मला पटले. भाभीने विचारले, "आता नक्की बंद होणार ना?" तो म्हणाला, "बाई, माझ्या गॅरेजमध्ये आलेली गाडी माझं ऐकते. घरी जाऊन तुमचं ऐकलं नाही तर मी काय करू?" आणि खरोखर, गॅरेजमध्ये त्याने अनेकदा बंद-चालू करून दाखवली. ऐकली.

परत आलो तेव्हा वजीरचाचा ओट्यावर जाळे विणत बसले होते. ते भाभीचे सासरे. जन्मभर तांडेल म्हणून होड्या चालवल्या, आता गुडघ्यामुळे घरी असतात आणि त्यांची होडी पुतण्या नेतो. रोज सकाळी भाभी गाडीला किक मारते तेव्हा ते जाळ्यातून मान वर न काढता ठरलेले वाक्य बोलतात, "बाईमाणसानं गाडी उडवायची! उद्या होड्या डोंगरावर चालतील."

आज भाभी म्हणाली, "चालल्या तर सुकाणूला तुम्हीच बसा, बावा."

चाचा हसले नाहीत. मला त्यांची भीती वाटते.

मग भाभी मला म्हणाली, "चालवायचं काय वाटत नाय गो. रत्नागिरीच्या पंपावर रांगेत उभं राहायचं तेवढं नको वाटतं. सगळे पुरुष वळून बघतात, जसं काय मी पेट्रोल पिणार हाय." आणि लगेच गाडीच्या टाकीवर थाप मारून, "पण ही गुणाची. पिते किती थोडं! अलीकडे तर महिना महिना पंपाचं तोंड बघावं लागत नाय."

चाचांनी जाळ्याला गाठ मारून दोरा दाताने तोडला.

२१ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच. चढ चढून फाट्यावर आल्यावर किल्ली फिरवली आणि इंजिन चालूच. नवे स्विच, नवी वायर, सर्व व्यर्थ.

मी दिवसभर कॉलेजच्या ग्रंथालयात होते. इंजिनांवरचे पुस्तक इंग्रजीत आहे आणि एकेक परिच्छेद मला दोनदा वाचावा लागतो. पण इंग्रजीच्या आड लपलेली गोष्ट सोपी निघाली. इंजिन चालायला हवा, इंधन आणि त्याला पेटवणारे काहीतरी, एवढेच लागते. हवा आणि इंधन किल्लीने बंद होतच नाहीत. किल्ली बंद करते ती फक्त ठिणगी. म्हणून प्रश्न असा की, किल्ली बंद केल्यावर गाडीला पेटवते कोण? ठिणगीच पडत असेल तर दोष विजेचा. ठिणगी पडत नसतानाही पेटत असेल, तर आत एखादी जागा निखाऱ्यासारखी लाल होत असली पाहिजे.

आणि हे ओळखायचे कसे, तेही मला सुचले. गाडी अशी हट्टाने चालू असताना प्लगची टोपी काढून टाकायची. थांबली तर विजेचा दोष, न थांबली तर निखारा. सुचले, पण हरिश्चंद्रला सांगायचे कसे, हे सुचले नाही.

२४ जानेवारी, गुरुवार

भाभीने मला गॅरेजच्या दारात उभे केले आणि म्हणाली, "बोल." मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बोलले. हरिश्चंद्र म्हणाला, "जोरात बोला, इथे गाड्यांना ऐकायची सवय हाय, माणसांना नाय." मी पुन्हा बोलले. त्याने पाना खाली ठेवला. "हे मीच करायला हवं होतं," म्हणाला. त्याच्या मनाचे मोठेपण मला आवडले.

भाभीने गाडी सड्याच्या चढावरून दोनदा फिरवून आणली. किल्ली बंद केली, गाडी चालूच. हरिश्चंद्रने रबरी हातमोजा घालून टोपी ओढून काढली. टोपी त्याच्या हातात आणि गाडी तशीच खडखडत उभी. ठिणगीशिवाय चालणारे इंजिन मी प्रथमच पाहिले. खरे सांगायचे तर मला आनंद झाला. तो लगेच लपवला, कारण भाभीच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नव्हती.

इंजिनचे डोके उघडले. आत काजळीचा जाड थर होता. हरिश्चंद्र म्हणाला, "एवढी काजळी? ह्या गाडीनं चूल खाल्लीय काय?" सर्व खरवडून काढले, नवा प्लग घातला. ठिणगी, हवा सर्व ठीक. गाडी बंद झाली आणि बंदच राहिली.

२७ जानेवारी, रविवार

काल झेंडावंदनाहून परतताना गाडी पुन्हा बंद होईना. भाभीने नेहमीप्रमाणे गिअर टाकून थांबवू पाहिले, पण उतारावर वाळू होती. चाक घसरले आणि गाडी आंबेवाडीच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, चिऱ्यांवर आदळली. भाभीच्या नडगीला खोल खरचटले आहे. हे मी आज सकाळी तिच्या तोंडून ऐकले, तेही ती हसत सांगत होती.

पण गावाने ते हसण्यावारी नेले नाही. कोणीतरी कुवेतला कळवले. संध्याकाळी तहाभाईंचा फोन आला. मी तेथेच बसले होते. भाभी "हं, हं," एवढेच म्हणत होती. मग रिसीव्हर ठेवून म्हणाली, "शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अद्नान येणार. गाडी पालीला न्यायची म्हणतात." अद्नानभाई तहाभाईंचे मावसभाऊ, पालीत जुन्या गाड्या विकतात.

"आणि शाळा?" मी विचारले.

"शाळा तिथेच हाय. मीच इथे असणार."

पहिल्यांदा तिचा विनोद मला विनोदासारखा वाटला नाही. वजीरचाचा ओट्यावरून म्हणाले, "तहा सांगतो ते बरोबर. मी आधीपासून सांगतंय." आणि उठून, लंगडत, खाडीकडे गेले.

त्यांना आनंद झाला असावा. मला त्यांचा राग आला, तो येथे प्रांजळपणे नोंदवते.

२९ जानेवारी, मंगळवार

आज मागच्या सीटवर बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. धुराला वास होता, आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. वीज गेल्यावर मी ज्या कंदिलापाशी दहावीचा अभ्यास केला, त्याचा वास. रॉकेल!

हरिश्चंद्रने कार्बोरेटरमधून थोडे पेट्रोल काढून दिले. प्रयोगशाळेत आम्ही भेसळ ओळखतो त्याप्रमाणे मी टिपकागदावर थेंब टाकला. शुद्ध पेट्रोल उडून जाते, रॉकेल डाग ठेवते. डाग राहिला. मी विजयी मुद्रेने पाहिले. हरिश्चंद्रने त्याच्या डब्यातल्या चांगल्या पेट्रोलचा थेंब शेजारी टाकला. त्याचाही डाग राहिला! ही दोन स्ट्रोकची गाडी, हिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावेच लागते, हे मी विसरले होते. मला धरणीने पोटात घ्यावे असे झाले. भाभी म्हणाली, "हरकत नाय, आता दुसरं काय ते कर." जणू मी तिच्या वर्गातली मुलगी आहे आणि फळ्यावर गणित चुकले आहे.

मग एका तळहातावर हे घेतले, दुसऱ्यावर ते. चांगले पेट्रोल हात गार करून क्षणात उडाले, फक्त ऑइलचा अंश राहिला. गाडीतले हातावर तसेच ओलसर बसून राहिले. तिघांनीही हात पुढे करून पाहिले. शंका उरली नाही.

आता सर्व जुळते. तापलेल्या इंजिनात रॉकेल ठिणगीची वाट पाहत नाही, नुसत्या उष्णतेने पेटते. म्हणून चढ चढून आल्यावरच गाडी हट्ट करते. म्हणून गॅरेजमध्ये थंड असताना शहाण्यासारखी वागते. म्हणूनच एवढी काजळी.

पण टाकीत रॉकेल आले कोठून? हरिश्चंद्र स्वतःची गाडी त्याच पंपावर भरतो, तिला काही होत नाही. भाभीच्या अंगणात मात्र, गाडी उभी असते तेथून चार पावलांवर, होडीच्या मशीनचा डबा असतो. होडीची मशीन सुरू होते पेट्रोलवर, पण चालते रॉकेलवर. त्या डब्यात रॉकेल, थोडे पेट्रोल आणि ऑइल मिसळून ठेवलेले असते.

आणि ओट्यावर वजीरचाचा असतात. मला जे वाटले ते लिहायला हात धजत नाही, पण वाटले ते वाटले. ज्यांना सुनेने गाडी चालवू नये असे वाटते, त्यांनीच हे मुद्दाम केले असेल काय?

३० जानेवारी, बुधवार

फुले काढायच्या निमित्ताने उजाडताना आमच्या चाफ्याआड उभी राहिले. आमच्या आणि भाभीच्या अंगणात फक्त एक कुंपण आहे.

वजीरचाचा फज्रची नमाज पढून मशिदीतून आले. त्यांनी होडीचा डबा उचलला. त्यांनी गाडीच्या टाकीचे झाकण उघडले, तोंडावर मलमलीचे स्वच्छ फडके ताणून धरले आणि त्यातून गाळून, थेंबही न सांडता, डब्यातले थोडे थोडे ओतले. मग दुसरे फडके घेऊन सीटवरचे दव पुसले. आरसा पुसला. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, हँडल धरले, आणि तो दुखरा गुडघा वाकवत, थांबत, कण्हत, ती जड गाडी पुढे-मागे करत वळवली. भिंतीकडे असलेले तिचे तोंड रस्त्याकडे आले.

येथे एक गोष्ट लिहायला हवी, जी मी आजवर लिहिण्यासारखी समजले नव्हते. भाभी संध्याकाळी दमून येते आणि गाडी जशी येईल तशी, भिंतीकडे तोंड करून लावते. सकाळी ती नेहमी वळवून ठेवलेली असते. भाभीला आणि मलाही वाटे की होडीवर काम करणारा लवू ते करतो. आम्ही कधी विचारलेही नाही.

चाचा ओट्यावर जाऊन बसले, जाळे मांडीवर घेतले. थोड्या वेळाने भाभी बाहेर आली, किक मारली, आणि ते म्हणाले, "बाईमाणसानं गाडी उडवायची! उद्या होड्या डोंगरावर चालतील."

मी परडीत एकही फूल न घेता घरात आले.

३१ जानेवारी, गुरुवार

काल फाट्यावर भाभीला सर्व सांगितले. ती म्हणाली, "पंपावर उभं राहायला नको वाटतं, हे मी बावांच्या देखत बोलले होते. पहिल्यांदा बोलले ते दिवाळीत. तेव्हापासून गाडी कमी प्यायला लागली." आणि ओढणीच्या टोकाने डोळे टिपून, "मी कौतुक करत होते गाडीचं!"

"चाचांना सांगायला हवे," मी म्हटले.

"नाय. चाळीस वर्षं त्यांनी होडी किनाऱ्याला आणलीय. त्यांना मी सांगू, तुमच्या हातानं माझी नडगी फुटली? तू पण कोणाला सांगायचं नाय. वचन दे."

मी दिले.

काल शाळेतून येताना तिने टाकी रिकामी करून घेतली, चांगले पेट्रोल भरले आणि एक वेगळा डबाही भरून आणला. त्याच्या मुठीला तिच्या जुन्या लाल ओढणीची चिंधी बांधली आणि होडीच्या डब्याशेजारी ठेवला. मग चाचांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "राही, हरिश्चंद्र म्हणतो ही गाडी नाजूक पोटाची. हिला होडीचं खाणं पचत नाय. म्हणून हिचा डबा वेगळा ठेवलाय. लाल चिंधीचा."

चाचांच्या हातातली विणायची सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

आज उजाडताना मी पुन्हा चाफ्याआड होते. चाचांनी होडीच्या डब्याकडे हात नेला, मागे घेतला. लाल चिंधीच्या डब्याचे बूच उघडून वास घेतला. होडीच्या डब्याचा घेतला. मग दोन्हींचा पुन्हा एकदा घेतला. शेवटी लाल चिंधीच्या डब्यातले गाळून टाकीत ओतले.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

अद्नानभाई जुम्म्याची नमाज आटोपून आले. पांढरा कुर्ता, खिशाला मोबाइल. भाभीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "न्यायच्या आधी एकदा चढावरून फिरवून बघा."

ते सड्यापर्यंत जाऊन आले. इंजिन तापले होते, जवळ उभे राहिले तरी धग लागत होती. त्यांनी किल्ली फिरवली. अंगणात एकदम एवढी शांतता पसरली की खाडीवरचा वारा ऐकू आला. त्यांनी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. बंद म्हणजे बंद.

"मग झालं होतं काय?" त्यांनी विचारले.

"पेट्रोलात रॉकेल होतं," भाभी म्हणाली.

"भाभी, तरी मी सांगत होतो तहाला! बाईमाणूस काय बघणार पेट्रोल कुठलं नि रॉकेल कुठलं. घेतलं असेल कुठल्या टपरीतून बाटलीतलं. आज रॉकेल घातलंत, उद्या ऑइल घालायला विसराल. गाडी दुरुस्त झाली, पण चालवणारी तीच ना? नेतो मी."

भाभीने खाली पाहिले. कोणापुढेही खाली न पाहणारी भाभी! मला ओरडून सांगावेसे वाटले. शब्द ओठांपर्यंत आले होते आणि माझे वचन त्यांच्यापुढे उभे होते. जन्मात प्रथमच मला चार माणसांत बोलायचे होते आणि प्रथमच बोलायला बंदी होती.

"तिनं नाय घातलं," ओट्यावरून आवाज आला. वजीरचाचा काठी टेकत उठले. "मी घातलं."

अद्नानभाई हसले. "चाचा, तुम्ही कशाला घालाल?"

"रोज घालत होतो. होडीच्या डब्यातलं. होडी ऑइल पिते, गाडी पण ऑइल पिते. मना वाटलं, दोघी एकाच जातीच्या. वादळात होडी दगा देत नाय, मंग चढावर ही कशी देईल? चुकलं माझं. तिचा पाय फुटला तो माझ्यामुळं."

"पण चाचा, तुम्हीच तर सगळ्यांसमोर म्हणता, बाईमाणसानं गाडी चालवू नये!"

"म्हणतंय ना! अजून म्हणतंय. म्हणायला काय लागतं?" चाचा खाली उतरले आणि गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले, जसे किनाऱ्याला लागलेल्या होडीवर ठेवतात. "तिला पंपावर उभं राहायला आवडत नाय. मी घरात असताना तिनं का उभं राहायचं? तहाला सांग, गाडी इथेच राहणार. मी सांगतंय म्हणून सांग."

अद्नानभाईंनी भाभीकडे पाहिले. भाभी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत होती की हसत होती, हे मला तेथून कळले नाही.

अद्नानभाई एस.टी.ने पालीला गेले. फाट्यापर्यंत त्यांना भाभीने गाडीवरून सोडले. मागे बसलेले अद्नानभाई दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून होते, असे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मळ्यातून पाहिले आणि जेवताना ते सांगताना त्यांना ठसका लागला.

४ फेब्रुवारी, सोमवार

आज उजाडताना चाफ्याकडे गेले. आता पाहण्यासारखे काही उरले नव्हते, पण सवय. चाचा सीट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "बाय, त्या झाडाची फुलं काढतेस की मोजतेस?"

माझ्या हातातली परडी पडली.

"पहिल्या दिवसापासून बघतंय तुला. समुद्रावर नजर ठेवली जन्मभर, कुंपणापलीकडची पोरगी दिसणार नाय? शुक्रवारी तुला सगळं ठाऊक होतं. बोलली का नाय?"

"भाभीला वचन दिले होते," मी म्हणाले. माझा आवाज एवढा स्पष्ट निघेल असे मला वाटले नव्हते.

"हं." त्यांनी फडके पिळून कुंपणावर टाकले. माझ्याकडे नीट पाहिले. मी नजर खाली नेली नाही. ज्या माणसाला मी कपटी समजले होते, त्याच्यापुढे मला आता एवढेच करता येण्यासारखे होते.

"मंग आडून बघत राहू नको. गुडघा ऐकत नाय माझा. इकडे ये, मागून धर."

मी कुंपण ओलांडले. मागची दांडी दोन्ही हातांनी धरली. गाडी मला वाटत होती त्याहून खूप जड होती. हे ते एकट्याने, त्या गुडघ्याने, रोज करत होते. "मी हो म्हणेन तेव्हा डावीकडे," चाचा म्हणाले, तांडेलाच्या आवाजात. "हो."

आम्ही दोघांनी मिळून तिचे तोंड रस्त्याकडे केले.

घरातून भाभीची चाहूल लागली तसे चाचा लगबगीने ओट्यावर जाऊन बसले आणि जाळे मांडीवर ओढून घेत मला म्हणाले, "बाईमाणसांनी गाड्या उडवायच्या! उद्या होड्या डोंगरावर चालतील."